पुस्तकं जरूर द्या, पण आधी सभासद व्हा

ग्रंथालयाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग ग्रंथालयात (सरकार ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग देतं, ‘ड’ सगळ्यात लहान), पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलामागे माझी सगळी नोकरी झाली. तिथून जे दिसलं त्याच्याच आधाराने उत्तरं देते आहे. लांबलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

माझे वडील मराठीचे शिक्षक होते. ते गेले, आणि घरात त्यांची दीडेक हजार पुस्तकं आहेत. आम्ही आता लहान फ्लॅटमध्ये राहायला जातोय. गावातल्या वाचनालयाला फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, “आधी यादी पाठवा, मग बघू.” फुकट देतोय तरी यादी मागतात, याचं फार वाईट वाटलं. — एक वाचक, जि. सातारा

वाईट वाटणारच. वडिलांनी पगारातून पैसे वाचवून घेतलेली पुस्तकं आहेत ती. पण यादी मागणाऱ्या बाईंनी त्यांचं काम चोख केलं, हे आधी सांगते. “आणून टाका” म्हणणाऱ्या ठिकाणी पुस्तकं पोत्यातच राहतात. जिन्याखाली पडलेली अशी पोती मी पाहिली आहेत. पावसाळ्यात त्यांना खालून वाळवी लागते आणि वरच्या पोत्याला हात लावेपर्यंत ते कुणाला कळतही नाही.

ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो. शिक्के मारायचे, त्यातला एक ठरलेल्या आतल्या पानावर, वर्गांक म्हणजे विषयाप्रमाणे ठरलेला क्रमांक घालायचा, संगणकात नोंद करायची, मागे तारीखपट्टी चिकटवायची आणि मग कपाटात जागा शोधायची. दीड हजार पुस्तकांना पाच-सहा मोठी लोखंडी कपाटं लागतात. आणि एकदा दाखल झालेलं पुस्तक मनात आलं म्हणून काढताही येत नाही. बाद करायचं तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. हे सगळं करणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच असतो, आणि तोच झाडूही मारतो.

म्हणून यादी कराच, घरातल्या शाळकरी मुलांना हाताशी घेऊन. पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि ‘चांगलं’ की ‘फाटकं’, एवढं पुरे. पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि जुन्या अभ्यासक्रमाचे प्रश्नसंच सरळ रद्दीत घाला, त्याचं मनाला लावून घेऊ नका. शिक्षकांच्या घरी हमखास असणाऱ्या गाजलेल्या कादंबऱ्या ग्रंथालयातही असतात, पण तिथली प्रत पुनःपुन्हा शिवून इतकी जाड झालेली असते की उघडी राहत नाही. तुमची प्रत धड असेल तर ती हवीच असते. कसर लागलेलं पुस्तक मात्र दुसऱ्या पुस्तकांत मिसळू नका. पानं मोकळी करून, झटकून ते वेगळं ठेवा.

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लांबवतेय ते सांगते. शिक्षकांच्या कपाटात तळाशी काय असतं, तर शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, गावच्या देवस्थानाची सोळा पानी पुस्तिका, एखाद्या सहकारी संस्थेचा पहिला अहवाल, जुने दिवाळी अंक, बंद पडलेल्या मासिकांचे बांधीव खंड. मुलं हेच आधी रद्दीत घालतात, कारण ते पुस्तकासारखं दिसत नाही. कादंबरी दुसरीकडे मिळेल, पण तुमच्या गावाच्या शाळेची स्मरणिका जगात कदाचित तुमच्याच घरात उरली असेल. ती गावच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातच गेली पाहिजे. मोडी कागद किंवा हस्तलिखित पोथ्या निघाल्या तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला विचारा. १९१० पासून ते हेच काम करत आले आहेत. जुन्या छापील मराठी पुस्तकांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे (१८९३) आणि मुंबईचं आहे (१८९८). तुमच्या बाजूला कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासूनचं.

“वडिलांच्या नावाचं वेगळं कपाट ठेवा” अशी अट मात्र घालू नका, ही हात जोडून विनंती. आमच्याकडे एका डॉक्टरांच्या घरच्यांनी असं कपाट दिलं होतं, काचेचं, नाव कोरलेलं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली समितीतल्या एका सद्गृहस्थांकडे. वर्षानुवर्षं लोकांनी ती पुस्तकं काचेतून पाहिली. शेवटी डॉक्टरांच्या मुलीने स्वतः येऊन सांगितलं, “नाव कपाटावर नको, प्रत्येक पुस्तकाच्या आत चिठ्ठी लावा, आणि पुस्तकं फिरू द्या.” पुढच्याच महिन्यात त्यातली निम्मी पुस्तकं लोकांच्या घरी होती आणि डॉक्टरांचं नावही घरोघर गेलं.

आणखी एक विचारते, रागावू नका. त्या वाचनालयाचं सभासदत्व आज तुमच्या घरात कुणाकडे आहे? पुस्तकं द्यायला घरची माणसं यायची तेव्हा मी वहीत पाहायचे, आणि जवळजवळ दर वेळी दिसायचं की त्या घरातला एकुलता एक सभासद म्हणजे गेलेला माणूसच. एका हाताने पुस्तकं यायची आणि दुसऱ्या हाताने सभासद कमी व्हायचा. यादीबरोबर तुमचा स्वतःचा सभासद अर्ज पाठवा. बाईंना कपाटभर पुस्तकांपेक्षा त्याचा आधार जास्त वाटेल.

सकाळी वाचनालयात पेपर वाचायला बसायला जागा मिळत नाही. सगळ्या खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षेची मुलं. हे वाचनालय आहे की क्लास? — ज्येष्ठ सभासद, जि. सोलापूर

मी वाडीवरून येते. घरी दोन खोल्या, सात माणसं. अभ्यासिकेत सकाळी सातला येते, रात्री शेवटच्या जीपने जाते. मोठी माणसं म्हणतात, तुम्ही पोरांनी वाचनालयाचं वाचनालयपण घालवलं. आमचं काय चुकलं? — एक परीक्षार्थी, जि. बीड

ही दोन पत्रं एकाच आठवड्यात आली, म्हणून एकत्र घेते.

बाळ, तुझं काही चुकलेलं नाही. तुला जे हवं आहे, दिवा, पंखा, शांतता, स्वच्छतागृह आणि कुणी हटकणार नाही अशी एक खुर्ची, ते गावात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. हॉटेलात मुलगी तासभर एकटी बसली तर चर्चा होते. देवळात बसली तरी होते. ग्रंथालयात ती बारा तास बसली तर आईवडील निर्धास्त असतात. मुलींना घराबाहेर बसता येईल अशी जागा देणं हे ग्रंथालयाचं फार मोठं काम आहे, आणि ते कुठल्याही अहवालाच्या रकान्यात लिहिलं जात नाही.

काका, तुमचीही तक्रार रास्त आहे, पण ती मुलांकडे नाही, समितीकडे करा. पेपरचं टेबल दाराजवळ वेगळं असावं आणि सकाळचे दोन-तीन तास तिथे अभ्यासाची पुस्तकं नसावीत, एवढा साधा नियम पुरतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मांडायचा हक्क सभासद म्हणून तुम्हाला आहे. शेवटच्या सभेला किती जण होतात, आठवून पाहा. आमच्याकडे कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होऊन मग त्याच खोलीत, त्याच पाच-सात माणसांत व्हायची. खुर्च्यांचा निर्णय तेच पाच-सात जण घेणार. हेही लक्षात घ्या, की अनेक ठिकाणी अभ्यासिकेच्या शुल्कावरच ग्रंथालयाचं वीजबिल भरलं जातं. तुमचा पेपर त्या मुलांच्या पैशातून येतो.

आणि मुली, एक गोष्ट तुझ्याकडून हवी आहे. अभ्यासिकेची मुलं बहुतेक वेळा फक्त खुर्चीचे पैसे भरतात, पुस्तकांच्या कपाटाकडे फिरकतच नाहीत. आमच्याकडची एक मुलगी दोन वर्षं रोज यायची. एका संध्याकाळी टेबलाशी आली आणि म्हणाली, “बाई, ज्याच्या शेवटी प्रश्न नसतात असं काहीतरी द्या.” मी तिला नर्मदा परिक्रमेचं एक प्रवासवर्णन दिलं. तिसऱ्या दिवशी परत आणलं, दुसरं नेलं. पुढे ती तलाठी झाली, बदलीच्या गावी गेली, आणि तिथल्या वाचनालयाची पावती तिने मला फोनवर फोटो काढून पाठवली. तूही घरी पुस्तक नेता येईल असं सभासदत्व घे. अनामत एकदम भरणं जमत नसेल तर हप्त्याने भरू द्या असं विचार. ग्रंथपाल सहसा मार्ग काढतात.

आमचं गाव दोन हजार वस्तीचं, ग्रंथालय ‘ड’ वर्ग. ग्रंथपाल म्हणून काम करणारा पोरगा महिना दोन हजारांवर होता, तोही आता पुण्याला कंपनीत चाललाय. कुलूप लावायची वेळ आलीय. काय करू? — कार्यवाह, एक ग्रामीण वाचनालय

दादा, पत्र वाचून जीव तुटला, आणि रागही आला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. त्याची एक चांगली बाजू अशी की ग्रंथालय लोकांनी काढायचं आणि लोकांनीच चालवायचं, सरकारने मान्यता आणि अनुदान द्यायचं. अशी हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालयं गावोगाव आहेत. पण या कायद्यात ग्रंथालयासाठी कर नाही. शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने घरपट्टीवर ग्रंथालय उपकर आहे. तमिळनाडूत तर त्याआधीपासून, १९४८ चा कायदा. तिथे पैसा दर वर्षी ठरल्या वाटेने येतो. आपल्याकडे तो अंदाजपत्रकाच्या मर्जीवर. ‘ड’ वर्गाला कित्येक वर्षं सालाला ३० हजार रुपये होते, ते २०२२-२३ मध्ये ६० टक्के वाढून ४८ हजार झाले. त्यातला निम्मा भाग पगाराचा धरला तर महिन्याला दोन हजारच येतात. शेतमजुरीच्या आठवड्याभराच्या पैशांत आपण एका माणसाला महिनाभर गावाचं ग्रंथालय सांभाळायला सांगतो. पोरगा गेला यात त्याचा दोष नाही.

कायदा बदलेपर्यंत कुलूप लावून मात्र बसू नका. बंद पडलेलं ग्रंथालय पुन्हा उभं करणं फार अवघड आहे. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची सरकारी पडताळणी झाली आणि त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गवाढ वर्षानुवर्षं थांबली. एकदा मान्यता गेली तर ती परत मिळेल असं धरून चालू नका.

पूर्ण वेळेचा तरुण मुलगा शोधू नका. गावातच राहणारी, दहावी-बारावी शिकलेली सून किंवा निवृत्त पोस्टमन, असं माणूस शोधा. वेळ कमी ठेवा, पण ती चुकवू नका. दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी माणसं येतात ना, त्याच वेळी दोन तास दार उघडं ठेवा. कॅन घेऊन आलेला माणूस पुस्तक बदलून जाईल. “कधी उघडं असतं, कधी नसतं” ही ख्याती एकदा झाली की पुस्तकं कितीही चांगली असोत, पाय वळत नाहीत. शासनाने ठरवलेले तास पाळावे लागतातच. त्यासाठी सकाळच्या पेपरची जबाबदारी समितीतल्या दोघा-तिघांनी वाटून घ्या.

बायकांपर्यंत पोचायचं तर बचत गटाच्या बैठकीत पुस्तकांची पिशवी घेऊन जा. आमच्या शेजारच्या गावाने हे केलं. पहिल्या खेपेला पाककृती आणि व्रतवैकल्यांची पुस्तकं गेली. वर्षभरात त्याच बायका आत्मचरित्रं मागायला लागल्या, त्यातही बायकांनी लिहिलेली. नव्या पुस्तकांना पैसे नसतील तर आसपासच्या चार ग्रंथालयांनी शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या करून आपसात फिरवाव्यात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ अशा पेट्यांवरच उभं केलं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटून केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या ग्रंथभेट योजनेची चौकशीही करा. आणि देवघेव नोंदवही खरी ठेवा. रोज दहाच पुस्तकं गेली तर दहाच लिहा. तपासणीच्या आदल्या रात्री भरलेली वही अधिकाऱ्याला पहिल्या पानावर कळते.

गावातून पाचपन्नास घरांनी नियमित वर्गणी भरली तर ती रक्कम फार होत नाही, मला माहीत आहे. पण ग्रामपंचायतीकडे जागेची दुरुस्ती मागायला गेलात की तुम्ही एकटे कार्यवाह नसता, पन्नास मतदार घरं तुमच्या मागे असतात. सरपंच तो आकडा बरोबर वाचतात.

मी ७८ वर्षांची. वाचनालय पहिल्या मजल्यावर, आणि गुडघे चालत नाहीत. नातवाला पाठवते तर तो वाचलेलंच पुस्तक पुन्हा आणतो. वर्गणी बंद करावी का? — एक वाचक आजी, जि. रत्नागिरी

मावशी, वर्गणी अजिबात बंद करू नका. नातवाच्या हाती चिठ्ठी द्या: दहा पुस्तकांची नावं, खाली “यातलं कोणतंही”, आणि तुमचा फोन नंबर. ग्रंथपालांना फोन करून सांगा की मी वर येऊ शकत नाही, माझं खातं तुम्ही सांभाळा. तुमच्या खात्यावर आधी काय गेलंय ते त्यांच्याकडे दिसतं. आमच्याकडे एक मावशी होत्या, त्या वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पान २१ वर पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायच्या. सून पुस्तक घ्यायला आली की आधी पान २१ उघडायची. त्या गेल्यावरही कितीतरी वर्षं ते ठिपके मला सापडत राहिले आणि एकही मी खोडला नाही.

जिन्याबद्दल मात्र लेखी अर्ज करा. खाली दाराशी आठवड्यातून एक दिवस तासभर टेबल मांडणं कुठल्याही ग्रंथालयाला जमतं. वाचकाला येता येत नसेल तर पुस्तकाने जायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून बडोदा संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणलं. तिथून लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवत, आणि नेण्याआणण्याचा खर्चही संस्थान करत असे. तेव्हा खेड्यापर्यंत पेटी गेली, तर आज एका जिन्याखाली टेबल नक्की येईल. तुमच्यासारखे आणखी चार जण त्याच जिन्यामुळे घरी बसलेले असतील. त्यांच्याही सह्या घ्या.

मुलगा आठ वर्षांचा. मोबाइल सोडत नाही. बालविभागात नाव घातलं तर तिथे फक्त चित्रं बघतो. काय उपयोग? — एक आई, डोंबिवली

बघू द्या. पुस्तक त्याला निवडू द्या, मग ते तुम्हाला बाळबोध वाटो किंवा तेच तेच असो. रात्री त्यातलं तुम्ही मोठ्याने वाचा आणि रंगात आलं की थांबा. आणि तुम्ही स्वतःसाठी एक पुस्तक त्याच दिवशी बदलून घ्या, त्याच्या देखत. बालविभागात मुलांना सोडून बाहेर मोबाइल बघत उभे राहणारे आईवडील मी रोज पाहिले, त्यांची मुलं टिकली नाहीत.

फोनवर हजारो पुस्तकांच्या पीडीएफ फुकट येतात. वाचनालयाला पैसे कशाला भरायचे? — एक विद्यार्थी, पुणे

मराठी विश्वकोश आणि साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं शासनाच्याच संकेतस्थळावर रीतसर मोफत आहेत, ती जरूर वाच. समूहावर फिरणाऱ्या बाकीच्या बहुतेक पीडीएफ चोरीच्या असतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुतेक वेळा हजार-पाचशे प्रतींची, आणि ग्रंथालयं हे तिचं मोठं गिऱ्हाईक. तुझी वर्गणी गेली की ग्रंथालयाची खरेदी जाते, आणि मग ज्या लेखकाची पीडीएफ तू वाचतोयस त्याचं पुढचं पुस्तक छापायला प्रकाशक कचरतो. तुझ्या फोनमध्ये आज किती पीडीएफ आहेत आणि त्यातल्या किती शेवटपर्यंत वाचल्यास, तेही एकदा बघ. परत करायची तारीख असलेलं पुस्तक माणूस वाचतो.

दिवाळी अंक योजनेची वर्गणी वेगळी का घेतात? — अनेक वाचक

कारण वार्षिक वर्गणीत शंभर-दीडशे अंक बसत नाहीत. एकेका अंकाची किंमत आता कुठे गेली आहे ते तुम्ही जाणता. पैसे आधी जमले तर ग्रंथपाल विक्रेत्याशी बोलून एकगठ्ठा सवलत मिळवतात, आणि अंक लवकर हाती येतात. मागाहून भरणाऱ्यांमुळे कमी प्रती घेतल्या जातात आणि मग गाजलेल्या अंकासाठी फेब्रुवारीपर्यंत नंबर लावावा लागतो. म्हणून नाव नवरात्राच्या आतच नोंदवा. घेतलेला अंक चार दिवसांत परत करा. आतली शब्दकोडी पेनाने सोडवू नका. वार्षिक राशिभविष्याची पानं तर कृपा करून फाडू नका, तुमच्यानंतर तीस-चाळीस घरं त्याच पानाची वाट पाहत असतात.